निरोपाची पोंच



निरोप पाठविणें ही एक गोष्ट आहे आणि निरोप पोंचणें ही दुसरी. या दोहोंमधील अंतर ज्यानें नीट ओळखलें, त्याला तारायंत्रापासून खिशांतल्या फोनपर्यंत सर्व विद्युत्-संदेशवहनाचें मर्म कळलें असें म्हणावयास हरकत नाहीं. आज याच विषयावर चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे. गणिताचीं सूत्रें मी सांगणार नाहीं. तीं ऐकून समजत नाहींत, फळ्यावर लिहावीं लागतात. परंतु या शास्त्राचीं मूलतत्त्वें इतकीं साधीं आहेत कीं, घरांतील थोरांपासून मुलांपर्यंत कोणासही तीं समजावींत.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतों. १४ एप्रिल १९१२ ची रात्र होती. 'टायटॅनिक' नांवाची प्रचंड आगबोट उत्तर अटलांटिक महासागरांतून न्यूयॉर्ककडे चालली होती. तिच्यावर बिनतारी यंत्र होतें आणि फिलिप्स नांवाचा तरुण चालक त्यावर बसला होता. आदल्या रात्रीं यंत्र बिघडल्यामुळें उतारूंचे खासगी निरोप तुंबले होते. ते तो केप रेस येथील किनाऱ्यावरच्या ठाण्याकडे एकामागून एक पाठवीत होता. अकराच्या सुमारास 'कॅलिफोर्निअन' नांवाच्या दुसऱ्या बोटीच्या चालकानें, इव्हान्सनें, त्याला कळविलें कीं, आम्ही बर्फानें वेढले गेलों असून जागच्या जागीं थांबलों आहों. ही बोट फार तर वीस मैलांवर होती. केप रेस शेंकडों मैल दूर. त्यामुळें इव्हान्सच्या यंत्राचा आवाज फिलिप्सच्या कानांवर इतक्या जोरानें आदळला कीं, केप रेसचा क्षीण आवाज त्यांत बुडून गेला. फिलिप्सनें चिडून त्याला गप्प राहण्यास सांगितलें. इव्हान्सनें कांहीं वेळ ऐकलें, मग कानांवरचें यंत्र उतरविलें आणि तो झोंपीं गेला. त्यानंतर थोड्याच वेळानें, अकरा वाजून चाळीस मिनिटांनीं, टायटॅनिक हिमनगावर आदळली.

मध्यरात्र उलटल्यावर फिलिप्सनें मदतीची हांक मारण्यास आरंभ केला. कॅलिफोर्निअन जवळ होती. परंतु तिचा कान मिटला होता. ५८ मैलांवरील 'कार्पेथिया' बोटीचा चालक कॉटॅम हाही निजावयाच्या तयारींत होता. मात्र कानांवरचें यंत्र त्यानें अद्याप उतरविलें नव्हतें, म्हणून ती हांक त्याच्या कानीं पडली. कार्पेथिया पहाटे चारच्या सुमारास तेथें आली, तेव्हां टायटॅनिकला जलसमाधि मिळून दीड तासाहून अधिक वेळ लोटला होता. ७०० हून अधिक माणसें होड्यांतून वांचलीं. सुमारें १५०० गेलीं. या अनर्थाचीं कारणें अनेक आहेत. वेग फार होता, होड्या अपुऱ्या होत्या. त्या सर्वांचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. आपणांस एवढेंच पाहावयाचें आहे कीं, बर्फाचा निरोप निघाला, हांकेचा निरोपही निघाला. दोन्ही यंत्रें धड होतीं. तरीही एक निरोप गोंगाट ठरला आणि दुसऱ्याला जवळच्या जागीं कान मिळाला नाहीं.

कोणत्याही संदेशवहनाचे पांच घटक असतात. निरोप देणारा; निरोपाला प्रवासायोग्य रूप देणारें प्रक्षेपक यंत्र; मार्ग, मग तो तांब्याच्या तारेचा असो, कांचेच्या तंतूचा असो वा मोकळ्या आकाशाचा असो; त्या रूपांतून निरोप पुन्हां सोडवून घेणारें ग्राहक यंत्र; आणि शेवटीं तो ऐकणारा. या पांचांखेरीज एक सहावा असतो. त्याला कोणी बोलावीत नाहीं, परंतु तो आल्याशिवाय राहत नाहीं. त्याचें नांव गोंगाट. आकाशांतील वीज, शेजारच्या पंखा-मोटारीच्या ठिणग्या, दुसऱ्या कोणाचा निरोप, इतकेंच नव्हे तर यंत्रांतील विद्युत्कणांची स्वतःची उष्णतेमुळें होणारी चुळबुळ, हा सर्व गोंगाटच होय. संदेशवहनाचें शास्त्र म्हणजे मोठ्यानें ओरडण्याचें शास्त्र नव्हे. गोंगाटांतून निरोप निराळा ओळखूं यावा यासाठीं योजलेल्या युक्तींचें तें शास्त्र आहे.

आतां क्रमानें पाहूं. मी बोलतों तेव्हां हवा कांपते. मायक्रोफोनमधील पातळ पडदा त्या हवेबरोबर हालतो आणि त्याच्या हालण्याप्रमाणें विजेचा प्रवाह कमीजास्त होतो. आवाजाचें हें विजेंतील भाषांतर झालें. मनुष्याच्या बोलण्यांतील कंप दर सेकंदास सुमारें शंभरापासून कांहीं हजारांपर्यंत असतात. टेलिफोनच्या तारेवर सामान्यतः ३०० ते ३४०० पर्यंतचे कंप नेले म्हणजे बोलणें समजण्यास पुरतें. तारेवर हें भाषांतर जसेंच्या तसें धाडतां येतें. मग तसेंच आकाशांत कां सोडूं नये?

यास दोन अडचणी आहेत. विद्युल्लहरी सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवतात. दर सेकंदास हजार कंप होणारी लहर घेतली तर तिची लांबी ३०० किलोमीटर होते. लहर नीट बाहेर पडावयाची तर एरियलची उंची लहरीच्या लांबीच्या सुमारें चौथ्या हिश्श्याइतकी असावी लागते. म्हणजे ७५ किलोमीटर उंचीचा खांब हवा! कळसूबाईचें शिखर एकावर एक असें पंचेचाळीस वेळां रचावें तेव्हां कोठें ही उंची होईल. दुसरी अडचण याहून मोठी. सर्वांचे आवाज जवळजवळ त्याच कंपसंख्येचे असल्यामुळें मुंबईचें गाणें आणि नागपूरच्या बातम्या आकाशांत एकमेकींत मिसळतील, आणि त्या वेगळ्या करण्याचा कांहीं उपाय उरणार नाहीं.

यावरील युक्ति फार सुंदर आहे. आवाजाला स्वतः चालावयास लावूं नये. त्याला पालखींत बसवावें. दर सेकंदास १० लक्ष कंप करणारी एक अखंड लहर निर्माण करावी. तिची लांबी ३०० मीटर, म्हणून तिला ७५ मीटरांचा खांब पुरतो. ही वाहक लहर म्हणजे भोई. आवाज जसा चढेल-उतरेल तशी या लहरीची उंची कमीजास्त करावी, म्हणजे आवाजाचा आकार तिच्या अंगावर उमटतो. प्रत्येक केंद्राला निराळ्या कंपसंख्येचे भोई दिले कीं, कोणाची पालखी कोणती हें ओळखतां येतें. १९०६ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंत फेसेन्डेन यानें मानवी आवाज अशा अखंड लहरीवर बसवून दाखविला. टायटॅनिकवरील यंत्र मात्र ठिणगीचें होतें. ठिणगीच्या लहरी क्षणांत उठतात नि क्षणांत विरतात. टाळी आणि तंबोऱ्याची तार यांत जो फरक, तोच येथें. तारेला सूर असतो; टाळीला नेमका सूर नसतो, ती सर्व सुरांवर थोडीथोडी पसरते. म्हणूनच जवळच्या टाळीनें दूरचा सूर झांकला गेला.

सुराचा उल्लेख निघालाच आहे, तर ग्राहक यंत्राचें कामही सांगून टाकतों. सतारीवर मुख्य तार छेडली असतां खालील तरफांपैकीं नेमकी त्याच सुराला लावलेली तार आपोआप झंकारूं लागते. बाकीच्या गप्प राहतात. एरियलवर एकाच वेळीं शेंकडों लहरी येऊन पडतात. रेडिओचें बटण फिरवितांना आपण यंत्रांतील विजेची अशीच एक तरफ हव्या त्या सुराला लावीत असतों. मेळ जमतांच तेवढी एक लहर बळावते. मग यंत्र भोयांना बाजूस सारून पालखींतला आवाज उतरवून घेतें. इंग्लंडांतील ऑलिव्हर लॉज यांनीं सुरांच्या या मेळाचें पेटंट १८९७ सालीं मागितलें होतें. तत्त्व माहीत होतें. तें सर्वांनीं काटेकोरपणें पाळावें हा निर्बंध यावयास वेळ लागला. टायटॅनिकनंतर तो आला. १९१२ सालीं लंडन येथें बिनतारी संदेशांचे आंतरराष्ट्रीय नियम नव्यानें ठरले आणि १९१४ च्या करारानें मोठ्या जहाजांवर यंत्रापाशीं अखंड पहारा ठेवण्याचें ठरलें. यंत्राइतकाच कान महत्त्वाचा, हें तत्त्व अशा रीतीनें कायद्यांत आलें.

तरीही गोंगाट संपला नाहीं. पावसाळ्यांत वीज कडाडली कीं मध्यम लहरींवरील रेडिओही कडाडतो, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. याचें कारण असें कीं, त्या लहरींवर आवाज उंचीच्या रूपानें कोरलेला असतो आणि विजेचा धक्काही नेमका उंचीवरच बसतो. अमेरिकन शास्त्रज्ञ आर्मस्ट्राँग यांनीं या रोगाचें मूळ ओळखलें. त्यांनीं लहरीची उंची स्थिर ठेविली आणि आवाजाप्रमाणें तिच्या कंपांची संख्या किंचित् कमीजास्त केली. १९३३ सालीं त्यांना याचीं पेटंटें मिळालीं. हीच आजची 'एफ्. एम्.' पद्धति. ग्राहक यंत्र उंचीकडे लक्षच देत नाहीं. त्यामुळें वीज कडाडली तरी गाणें बहुधा निर्मळ राहतें. परंतु ही शांतता फुकट मिळालेली नाहीं. मध्यम लहरींच्या पट्ट्यांत आपल्याकडे दोन केंद्रांत ९ हजार कंपांचें अंतर ठेवितात, एफ्. एम्. च्या एकेका केंद्रास सुमारें २ लक्ष कंपांची रुंदी लागते. निर्मळपणा हवा तर जागा अधिक द्यावी लागते. असा हा रोखठोक सौदा आहे.

या सौद्याचा पक्का हिशेब १९४८ सालीं क्लॉड शॅनन यांनीं मांडला. ते अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत काम करीत असत. त्यांनीं सिद्ध केलें कीं, प्रत्येक मार्गाला निरोप वाहून नेण्याची एक ठराविक मर्यादा असते. ती दोन गोष्टींवर अवलंबून असते: मार्गाची रुंदी किती, आणि निरोपाचा जोर गोंगाटाच्या मानानें किती. या मर्यादेच्या आंत राहाल तर, योग्य खबरदारी घेऊन, चुका हव्या तितक्या कमी करतां येतील. मर्यादा ओलांडाल तर कितीही हुषारी व्यर्थ. निरोपाचें मोजमापही त्यांनीं ठरविलें. 'हो' कीं 'नाहीं' एवढेंच सांगणारें एक चिन्ह, हें त्याचें एकक. १८९५ सालीं जगदीशचंद्र बसूंनीं कलकत्त्यास अदृश्य लहरी भिंतींपलीकडे धाडून घंटा वाजविली होती. घंटा वाजली किंवा वाजली नाहीं, हा झाला एका चिन्हाचा निरोप. आज आवाज, चित्र, पुस्तक, सारें अशाच हो-नाहींच्या लांबलचक ओळींत मोडून धाडतात.

तसें कां करावयाचें, असें कोणी विचारील. जुन्या पोथ्यांच्या नकला आठवा. एकानें नक्कल केली, दुसऱ्यानें त्या नकलेची नक्कल केली. पहिल्याचा डाग दुसऱ्यानें अक्षर समजून उतरविला आणि दहाव्या प्रतींत मूळ शब्द हरवला. लांबच्या मार्गावर क्षीण झालेला आवाज ठिकठिकाणीं नुसता मोठा केला तर असेंच होतें. आवाजाबरोबर गोंगाटही मोठा होतो आणि तो सांचत जातो. परंतु लिपींत दोनच अक्षरें असतील तर? मग अक्षर कितीही फिकट झालें तरी तें या दोहोंपैकीं कोणतें एवढेंच ठरवावयाचें, आणि पुढें नवें कोरें अक्षर लिहावयाचें. डाग तेथल्या तेथें गळून पडतो. समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या कांचेच्या तंतूंतून हजारों मैलांवरचें बोलणें शेजारच्या खोलींतल्यासारखें ऐकूं येतें, त्याचें एक मोठें कारण हें आहे.

आणि अक्षर वाचण्यांत चूक झालीच तर? त्यासाठीं निरोपांत थोडी पुनरुक्ति मुद्दाम घालतात. बाजूला खडखडाट असतांना आपण टेलिफोनवर "पाण्याचा प" असें सांगतों, किंवा आंकडा एकदां सबंध आणि एकदां सुटा म्हणतों, तें याच तत्त्वावर. साहित्यांत पुनरुक्ति हा दोष मानितात. निबंध तपासतांना मी तिच्यावर लाल रेघ ओढीत असें. संदेशवहनांत मात्र ती, हिशेबानें योजली तर, मोठा गुण ठरते. निरोपाबरोबर त्याची बेरीजही धाडली तर मध्यें एखादें चिन्ह पुसलें गेल्याचें ग्राहकाला कळतें. याहून कुशल रचना केली तर कोणतें पुसलें गेलें हेंही कळतें, आणि तो तें स्वतःच भरून काढतो.

तात्पर्य, गोंगाटावर मात करण्यासाठीं आपणांजवळ तीन नाणीं आहेत: शक्ति, रुंदी आणि वेळ. १९७७ सालीं निघालेलें 'व्हॉयेजर-१' हें यान आज इतकें दूर आहे कीं, त्याची लहर पृथ्वीवर येण्यास २० तासांहून अधिक वेळ लागतो. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ति सुमारें २३ वॉट, म्हणजे घरांतल्या लहानशा दिव्याएवढी. शक्तीचें नाणें त्याच्यापाशीं नाहीं. म्हणून तें वेळेचें नाणें खर्चितें आणि सेकंदाला अवघीं १६० चिन्हें या सावकाश चालीनें आपली हकीकत कळवितें.

याच शास्त्रांतील एक प्रसंग आपल्या जुन्नर तालुक्यांत घडला आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें रेडिओ लहरी ऐकणारी प्रचंड दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेथें आहेत, आणि मानवनिर्मित गोंगाट तेथें कमी होता, हें ती जागा निवडण्याचें एक कारण होतें. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं 'शियापारेली' नांवाचें युरोपीय यान मंगळावर उतरत होतें. त्याचा प्रक्षेपक कांहीं वॉटांचा. डोक्यावरून फिरणाऱ्या यानांनीं ऐकावें एवढाच त्याचा जीव. परंतु १७ कोटींहून अधिक किलोमीटरांवरून खोडदच्या तबकड्यांनीं तो आवाज टिपला. पालखींतला देव दिसण्याइतका उजेड तेथें नव्हता, म्हणजे निरोपांतील मजकूर वाचतां येत नव्हता. परंतु भोई दिसत होते. दूर जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर जसा उतरतो, तसा त्या लहरीचा सूर वेगाप्रमाणें बदलत होता, आणि त्यावरून यानाचा वेग कमी होत असल्याचें शास्त्रज्ञांस समजत होतें. उतरण्याच्या ठरल्या क्षणाच्या थोडें आधीं तो सूर थांबला. यान मंगळावर आदळून फुटलें होतें. तथापि मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या सोबतच्या यानानें त्याचे सविस्तर निरोप टिपून ठेविले होते. त्यांवरून कोणत्या मापनांत घोटाळा झाला हें कळलें. यान गेलें, परंतु शिकवण पोंचली.

आतां आपल्या खिशांतल्या फोनकडे वळूं. आकाशांतील लहरींचा पट्टा मर्यादित आहे. मग कोट्यवधि माणसें एकाच वेळीं बोलतात कशीं? पंगतींत बसलेले लोक काय करतात तें पाहा. प्रत्येक जण शेजाऱ्याशीं हळू आवाजांत बोलतो, म्हणून शंभर संभाषणें एकाच मांडवांत चालतात. एकानें ओरडण्यास आरंभ केला तर सर्वांचीं बंद पडतील. फोनची व्यवस्था अशीच आहे. शहराचे लहान लहान विभाग पाडून प्रत्येकांत कमी शक्तीचा मनोरा ठेवितात. आवाज दूर जात नाहीं, म्हणूनच त्याच लहरी पलीकडच्या विभागांत दुसऱ्या कोणास पुन्हां देतां येतात.

परंतु पंगतीलाही मर्यादा आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अनेक भागांत वीज गेली आणि फोनही बंद पडले. अशा वेळीं जे मनोरे चालूं असतात त्यांच्यावर सर्वांची झुंबड उडते, आणि प्रत्येकाला घरीं "मी सुखरूप आहें" एवढेंच सांगावयाचें असतें. म्हणून वरील तत्त्वांवरून निघणाऱ्या तीन गोष्टी घरांतल्या सर्वांनीं ध्यानांत ठेवाव्यात.

पहिली, संकटांत बोलण्याऐवजीं लहानसा लेखी निरोप धाडावा. संभाषणाला वाट सतत मोकळी लागते. लेखी निरोपाला क्षणभराची फट पुरते. फोनच्या साध्या लेखी संदेशाला वाट मिळाली नाहीं तर तो केंद्रांत जपून ठेवितात आणि वाट मोकळी होतांच पुढें धाडतात.

दुसरी, बॅटरीवर चालणारा एक रेडिओ घरांत असूं द्यावा. फोनवर ऐकणारे वाढले कीं वाट तुंबते. परंतु रेडिओ एकानें ऐकला काय आणि एक कोटींनीं ऐकला काय, प्रक्षेपकावर काडीचाही भार वाढत नाहीं.

तिसरी गोष्ट आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. पत्राच्या शेवटीं ते लिहीत कीं, पत्राची पोंच द्यावी. आजचीं यंत्रें हा शिष्टाचार आपल्याहून कसोशीनें पाळतात. एका फोनकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या निरोपाचे लहान लहान तुकडे पाडले जातात, त्यांची पोंच मागितली जाते, आणि ती ठरल्या वेळांत आली नाहीं तर तुकडा पुन्हां धाडला जातो. माणसांनींही तसेंच करावें. पुरांत, प्रवासांत, इस्पितळांतून आलेला निरोप वाचून मनांत ठेवूं नये. "मिळाला" एवढा एक शब्द उलट धाडावा. ती पोंच येईपर्यंत पाठविणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता नसते.